कलिंगड : पाण्यासाठी वाढवलेले फळ

पिकलेल्या कलिंगडाच्या गरात वजनाने सुमारे ९१ टक्के पाणी असते. आज हे फळ गोडीसाठी विकत घेतले जात असले, तरी माणसाने ते जवळ केले ते बहुधा पाण्यासाठीच. जाड सालीचे कलिंगड न कापता सावलीत ठेवले, तर कित्येक आठवडे टिकते. कोरड्या प्रदेशात याचा अर्थ साठवता येणारे आणि सोबत नेता येणारे पाणी असा होतो.

कलिंगडाचे मूळ आफ्रिकेतले. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील कलाहारीच्या वाळवंटात कलिंगडाची ‘त्साम्मा’ नावाची जवळची रानजात उगवते. उघडे पाणी नसलेल्या महिन्यांत तेथील सान लोक या फिकट गराच्या फळांवर तहान भागवत आले आहेत. डेव्हिड लिव्हिंगस्टन याने १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांतात चांगल्या पावसानंतर या फळांनी झाकून गेलेल्या जमिनीचे वर्णन केले आहे. माणसे आणि हत्तींसारखे प्राणी ती आवडीने खात. मात्र काही फळे कडू निघत आणि ती बाहेरून ओळखता येत नसत. म्हणून लोक कुऱ्हाडीने खाच पाडून रस आधी जिभेवर चाखत. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यांमुळे येतो.

गोड कलिंगड मात्र त्साम्मापासून आले नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याचे सर्वांत जवळचे नाते सुदानमधील कोर्दोफान भागाच्या पांढऱ्या गराच्या, कडू नसलेल्या कलिंगडाशी आहे. शेजारच्या इजिप्तमध्ये त्याच्या लागवडीच्या जुन्या खुणा सापडतात. तुतनखामेनच्या थडग्यात कलिंगडाच्या बिया मिळाल्या आहेत. इजिप्तमधल्याच दुसऱ्या एका थडग्यातील सुमारे ३५०० वर्षांपूर्वीच्या पानाच्या जनुकीय तपासणीतून तो वेल कडवटपणा गेलेल्या आणि लाल गराच्या वाणाचा असल्याचे दिसले. आधी कडूपणा गेला, मग बिया निवडून लावता लावता गोडी आणि लाली वाढत गेली. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत भूमध्य समुद्राभोवती कलिंगडाची गणना अंजीर, द्राक्ष, डाळिंब अशा गोड फळांत होऊ लागली होती.

व्यापारी मार्गांनी हे पीक पश्चिम आशियात, भारतात आणि दहाव्या शतकापर्यंत चीनच्या उत्तर सीमेपर्यंत पोहोचले. सोळाव्या शतकापासून युरोपीय वसाहतवाले आणि गुलाम म्हणून नेलेले आफ्रिकी लोक यांच्याबरोबर ते अमेरिकेत गेले.

महाराष्ट्रात कलिंगडाच्या लागवडीची जुनी रीत नदीच्या पात्राशी जोडलेली आहे. पूर ओसरला की हिवाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूत खड्डे किंवा चर खणायचे, त्यांत शेणखत भरायचे आणि बी टोकायचे. वाळू वरून तापते, पण खाली ओल धरून असते. वेलाची मुळे त्या ओलीपर्यंत उतरतात, त्यामुळे वरून पाणी कमी लागते. उन्हाळ्यात फळे उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी वाडी मोडते. विदर्भात या वाड्यांना डांगरवाडी आणि फळाला टरबूज म्हणतात. पात्र दरवर्षी पुराखाली जात असल्याने तेथे कायमचे शेत धरता येत नाही. म्हणूनच नदीवर जगणाऱ्या भोई, कहार यांसारख्या आणि बहुधा भूमिहीन कुटुंबांना हे पीक सोयीचे ठरले. कोकणात, विशेषतः रायगड जिल्ह्यात, भात कापून झाल्यावर त्याच खाचरात कलिंगड घेण्याची पद्धत आहे.

विसाव्या शतकात वाण आणि लागवड दोन्ही बदलली. जपानमध्ये हितोशी किहारा यांनी गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेले बिनबियांचे कलिंगड तयार केले. भारतात ‘शुगर बेबी’ हा गडद सालीचा अमेरिकी वाण रुळला, तर बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने ‘अर्का माणिक’ दिला. पुढे संकरित बियाणे, ठिबक सिंचन आणि प्लास्टिकचे आच्छादन आले, तसे कलिंगड काळ्या जमिनीतल्या मोठ्या शेतांत शिरले. दुसरीकडे धरणांनी नद्यांचा प्रवाह बदलला, अवेळी सोडलेले पाणी पात्रातली पिके बुडवू लागले आणि वाळूउपशाने लागवडीजोगी वाळूच उरली नाही. नदीकाठच्या वाड्या त्यामुळे आक्रसल्या. बाजारात उन्हाळ्यात दिसणारे बहुतेक कलिंगड आता बागायती शेतातून येते.