गवत, मेण आणि डास

दिवाळी संपली की घरोघरी अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या उरतात. त्या वितळवून, सिट्रोनेलाचं तेल घालून डास पळवणारी मेणबत्ती करण्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. मला त्या वाटीत बराच इतिहास दिसतो.

‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’. दलदलीच्या दुर्गंधीतून ताप येतो, अशी शतकानुशतकं समजूत होती. म्हणून उपायही धूर आणि सुगंधाचे. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले आणि शत्रू बदलला. हत्यार मात्र तेच राहिलं: वास.

सिट्रोनेला म्हणजे सिलोन आणि जावाहून जगभर गेलेलं गवताचं तेल. आपला गवती चहा त्याच कुळातला. खानदेशातलं रोशा गवतही त्यातलंच. त्याचं तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई. 20व्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानी लष्करात सिट्रोनेला, कापूर आणि पॅराफिनचं मिश्रण अंगाला लावत. आज आपण तेच तेल मेणात घालतो. हे मेणही पॅराफिनच, खनिज तेलातून निघालेलं.

करायचीच असेल तर मेण थेट आचेवर ठेवू नका, भडका उडतो. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवा, गॅस बंद करा आणि मगच 100 ग्रॅम मेणाला साधारण 3 ग्रॅम तेल घाला. मधोमध सुती वात. काचेपेक्षा स्टीलची वाटी बरी.

उपयोग किती? 1996 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात अशा 3 टक्क्यांच्या मेणबत्तीमुळे डास चावण्याचं प्रमाण सुमारे 42 टक्क्यांनी घटलं. गंमत म्हणजे साध्या मेणबत्तीनेही ते सुमारे 23 टक्क्यांनी घटलं होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त श्रेय नुसत्या मेणबत्तीचंच! आणि निम्म्याहून अधिक चावे तसेच राहिले.

हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि आपण मेणबत्ती लावतो रात्री. तो वाढतो कूलरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या जुन्या टायरात. मेणबत्ती जरूर लावा, वास छान येतो. पण आधी ती ताटली उपडी करा.