तळथर, मत्स्यपेटीतील (भोर व वेल्हे)

गोड्या पाण्यातील मासे ज्या काचपेटीत पाळले जातात तिच्या बुडाशी पसरलेल्या वाळूच्या, रेतीच्या, गोट्यांच्या वा मातीच्या थरास तळथर म्हणतात. त्यावर मांडलेले दगड, लाकूड, पाला व पाणवनस्पती यांचा समावेश नैसर्गिक सजावटीत होतो. माशाच्या दृष्टीने ही सजावट नसून त्याचे निवासस्थानच होय, आणि म्हणून तळथराची निवड पाळावयाच्या माशाच्या मूळ नदीवरून करावी, बाजारातील रंगीत खड्यांवरून करू नये, हे तत्त्व प्रस्तुत नोंदीत गृहीत धरले आहे. त्याचे विवेचन पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या तालुक्यांच्या नद्यांच्या आधारे केले आहे. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली.)

नद्या : शिरगावजवळ उगम पावणारी नीरा, तिच्या परिवारातील वेळवंडी, कानंदी व गुंजवणी, आणि वेल्ह्याच्या उत्तर भागातून मुठेकडे जाणाऱ्या आंबी व मोसे यांचे पाणी अखेरीस भीमेस मिळते. वेळवंडीवर भाटघर येथे १९२८ मध्ये लॉइड धरण पुरे झाले, त्याच्या जलाशयास आज येसाजी कंकांचे नाव आहे. पुढे नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत व वरसगाव ही धरणे झाली. परिणामी एकाच नदीत दोन प्रकारचे तळ आढळतात : जलाशयाच्या वरच्या अंगास खडक, गोटे व खळाळते पाणी, तर जलाशयात संथ पाण्याखाली साचलेला तांबूस-काळा गाळ.

पाषाण : हा सर्व प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे, आणि तळथराचा विचार करताना हीच बाब सर्वांत महत्त्वाची होय. बेसाल्टमध्ये स्फटिकी गारेचे कण जवळजवळ नसतात. त्यामुळे हा खडक झिजून जी रेती होते ती काळसर, जड व काहीशी खरबरीत असते, तिच्यातील काही कण लोहचुंबकास चिकटतात, आणि पेठेत विकली जाणारी शुभ्र वाळू या नद्यांच्या वरच्या टप्प्यांत स्वभावतः सापडत नाही. जी पांढरी गारगोटी मधूनच हाती लागते ती बहुधा खडकातील पोकळ्यांत साचलेल्या खनिजांची असते. काळ्या तळावर स्थानिक माशांचे रंग गडद व निरोगी दिसतात आणि पांढऱ्या तळावर तेच मासे फिके पडतात, हा ज्यांनी ते पाळले त्यांचा सामान्य अनुभव आहे; आपल्या भोवतालाशी रंग जुळविण्याची शक्ती अनेक माशांच्या त्वचेत असते, हे त्याचे कारण.

परंतु काळा दिसणारा प्रत्येक दगड निर्धोक नसतो. पोकळ्यांत चुन्याचे स्फटिक असलेला दगड, तसेच ओढ्याकाठच्या मातीत मिळणारे चुनखडीचे कंकर पाण्यात हळूहळू विरघळून त्याचा जडपणा वाढवितात. परीक्षा सोपी आहे : दगड धुऊन, वाळवून त्यावर सिरका वा लिंबाचा रस टाकावा, बुडबुडे आल्यास तो पेटीत घालू नये. मंद बुडबुडे सहज नजरेतून सुटतात, म्हणून परीक्षा उजेडात व भिंगाखाली करणे श्रेयस्कर.

मासे व तळ : या भागातील माशांची शास्त्रीय नोंद करणाऱ्यांत कर्नल साइक्स हे आद्य होत. दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांनी अनेक जातींना स्थानिक बोलीतील नावेच लॅटिन रूपात दिली, ज्यामुळे कोळ्या-भोयांच्या तोंडचे शब्द जगाच्या प्राणिशास्त्रात कायमचे नोंदले गेले. त्यांपैकी मळ्या (गारा मुल्या) हा हनुवटीखालच्या चूषकाने दगडास चिकटून त्यावरील शेवाळ खरवडतो. त्यास गुळगुळीत, तळहाताएवढे गोटे व वाहते पाणी हवे. मुरे (पॅराकॅन्थोकोबायटिस मूरेह) व फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याहून वर्णिलेली एव्हेझार्डी या चिखली (लोच) जाती दगडाच्या फटीत राहतात. काही चिखली जाती तर वाळूत अंग पुरून केवळ डोळे बाहेर ठेवतात, आणि त्यांच्या नाजूक मिशा धारदार खडीने झिजून जातात. खवली (पुंटियस सह्याद्रिएन्सिस), जिचे वर्णन सायलस यांनी १९५३ मध्ये वेण्णा नदीवरून केले, ती काठाच्या सावलीत थव्याने फिरते. तिच्यासाठी तळाचा काही भाग पाल्याने झाकलेला असावा.

प्रमाण : साठ सेंटिमीटर लांब व तीस सेंटिमीटर रुंद पेटीत पाच सेंटिमीटरचा थर द्यावयाचा झाल्यास नऊ लिटर, म्हणजे अंदाजे चौदा किलो रेती लागते. कण दोन ते तीन मिलिमीटरचे, चाळणीने चाळलेले व धुण्याचे पाणी निवळ येईपर्यंत धुतलेले असावेत. थर पुढे कमी व मागे अधिक ठेवावा. मोठे दगड आधी बुडावर पातळ स्पंजाच्या आधाराने टेकवून मग भोवती रेती घालावी, अन्यथा रेती उकरणारे मासे दगडाचा पाया पोकळ करतात व काच फुटण्याचा संभव असतो. रेतीच्या कणांवरच ते जिवाणू वाढतात जे माशांच्या मलापासून होणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. म्हणून मुरलेली रेती एकाच वेळी संपूर्ण उपसून धुणे हा घातक प्रघात होय. वनस्पतींसाठी रेतीखाली शेतातील चाळलेली माती घालावी की नाही, याविषयी मतभेद आहेत.

लाकूड : सुकलेले, साल झडलेले पेरूचे वा जांभळाचे लाकूड कित्येक आठवडे भिजवून व उकळून वापरतात. त्यातून उतरणारा तपकिरी रंग अपायकारक नाही. मात्र येथे एक इशारा आवश्यक आहे, कारण शहरी पुस्तकांत तो मिळत नाही. सह्याद्रीच्या रानात रामेठ्याची साल, गेळीची फळे, शेराचा चीक व करंजाच्या बिया डोहात टाकून मासे गुंगवून धरण्याची रीत फार जुनी आहे. जे द्रव्य अख्खा डोह बधिर करते ते काचपेटीत काय करील हे सांगणे नलगे. नदीकाठचा अनोळखी ओंडका सुंदर दिसला तरी त्याची जात जाणत्या गुराख्याकडून वा वैदूकडून कळल्यावाचून पेटीत टाकू नये.

पाने : देशी बदामाची वाळकी, गळून पडलेली पाने तळावर पसरावीत; जांभळाचीही चालतात.

वनस्पती : हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया पुरेशा आहेत, सड्यांवरील वायतुरा ही १९८२ मध्ये वर्णिलेली दुर्मीळ वनस्पती उपटू नये.

मांडणी : जपानचे ताकाशी अमानो यांनी दगडांच्या मांडणीस कलेचा दर्जा मिळवून दिला.

संकलन : नदीतील वाळू ही कायद्याने गौण खनिज असून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ अन्वये परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही. कायद्याहूनही मोठे कारण नदीचे आहे. पाण्यातील गोट्याच्या खालच्या अंगास कीटकांच्या अळ्या चिकटलेल्या असतात, ज्यांवर मासे जगतात, आणि वळवाच्या पावसानंतर चढणीचे मासे वरच्या ओढ्यांत येऊन गोट्यांच्या व रेतीच्या आश्रयाने अंडी घालतात. ज्येष्ठ-आषाढात उचललेला एक गोटा म्हणजे एक उद्ध्वस्त घरटे होय. बेसाल्टची रेती व खडी दगडाच्या क्रशरवर सहज मिळतात. त्यांच्या कडा मात्र धारदार असतात, त्या गोणीत पाण्यासह घुसळून बोथट करून घ्याव्यात. नदीवर जावे ते तळ पाहण्यासाठी : कोठे गोटे, कोठे कच, कोठे पाला साचतो याचे रेखाटन करून आणावे, आणि पाहण्यासाठी उचललेला दगड त्याच जागी, खालचे अंग खालीच ठेवून, परत ठेवावा.