पूर्वज्ञानाचा शोध आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : सूरजागडच्या संदर्भात एक ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना

पेटंट म्हणजे नव्या शोधाबद्दल शासनाने संशोधकाला ठरावीक मुदतीसाठी दिलेला अनन्य अधिकार होय. ज्या गोष्टीवर हा अधिकार मागितला जातो ती खरोखरच नवी आहे काय, हा या व्यवस्थेतील मूलभूत प्रश्न आहे. अर्ज दाखल होण्यापूर्वी जगाला ठाऊक असलेल्या ज्ञानास ‘पूर्वज्ञान’ म्हणता येईल. त्याचा शोध घेण्याचे काम पूर्वी तज्ज्ञ परीक्षक कागदपत्रे चाळून करीत असत. आज ते मोठ्या प्रमाणावर कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित संगणकीय प्रणालींकडे सोपविले जात आहे. अशा प्रणालींचे मूल्यमापन सामान्यतः वेग, अचूकता आणि खर्च या निकषांवर होते. हे निकष आवश्यक असले तरी पुरेसे आहेत काय, याचा विचार प्रस्तुत लेखात गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागड परिसराच्या संदर्भात आणि पेटंट शोधाच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

चांद्याचे लोह : नोंदीचे सामर्थ्य

सूरजागड हे एटापल्ली तालुक्यातील डोंगराळ वनक्षेत्र असून तेथे प्रामुख्याने माडिया गोंड समाजाची वस्ती आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा सर्व प्रदेश ‘चांदा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या जिल्ह्याचा भाग होता. चांद्याच्या लोहखनिजाचा बाह्य जगाला परिचय झाला तो लिखित अहवालांतून. रिटर फॉन श्वार्ट्‌झ या तज्ज्ञाचा चांद्याच्या लोहासंबंधीचा अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला आणि पोलाद कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा याच कामासाठी मध्य प्रांतात आले असता नागपूरच्या संग्रहालयातील एका भूगर्भीय नकाशाकडे त्यांचे लक्ष गेले आणि शोधाची दिशा दुर्ग जिल्ह्याकडे वळली, असे टाटांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे.

या प्रसंगांतून एक बाब स्पष्ट होते. ज्याची नोंद झाली ते दूरच्या वाचकापर्यंत पोहोचले. त्याच डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना दगड, माती, झाडे आणि कंद यांविषयी जे ठाऊक होते, ते मात्र त्यांच्या बोलीत आणि व्यवहारातच राहिले. सूरजागडच्या डोंगरावरील ठाकूरदेवाची यात्रा दरवर्षी जानेवारी महिन्यात भरते. येथील खाणपट्टा २००७ मध्ये मंजूर झाला आणि २०२१ मध्ये उत्खननाला पुन्हा वेग आला. सूरजागडचे लोह कागदावर आहे, तर सूरजागडचे वनज्ञान स्मरणात आहे. पेटंट शोधाच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरतो.

पेटंट शोधाची वाटचाल

भारतात पेटंटविषयक पहिला कायदा १८५६ मध्ये झाला. त्यानंतर १९११ चा कायदा आला आणि स्वातंत्र्योत्तर काळात १९७० चा पेटंट कायदा संमत होऊन १९७२ पासून अमलात आला. १९७१ च्या स्ट्रासबर्ग कराराने पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणास अधिकृत चौकट मिळाली. परीक्षक विषयाचा वर्ग निश्चित करीत आणि त्या वर्गातील कागदपत्रे तपासीत. विदर्भाचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. देशातील संशोधकांना व उद्योगांना जगभरच्या पेटंटांची माहिती मिळावी यासाठी केंद्र शासनाने १९८० मध्ये नागपूर येथे पेटंट माहिती प्रणाली ही संस्था स्थापन केली. पुढे संगणकाचा प्रसार झाला. युरोपीय पेटंट कार्यालयाची एस्पासनेट सेवा १९९८ मध्ये, तर गूगल पेटंट्‌स २००६ मध्ये सुरू झाली. जे काम ग्रंथालयात आठवडे घेई ते आता घरबसल्या होऊ लागले. तथापि, शोधाचे क्षेत्र कितीही विस्तारले तरी ते लिखित मजकुराचेच राहिले.

हळद आणि कडुनिंब : दोन खटल्यांचा धडा

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर पेटंट मिळाले. भारतातील कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक असलेली ही गोष्ट अमेरिकी परीक्षकाच्या शोधात आली नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली आणि ३२ संदर्भ सादर केले. त्यांत जुन्या संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांबरोबरच भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळण्यात आले. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील केवळ वापर हा पूर्वज्ञान ठरत नसे. त्यासाठी छापील पुरावा आवश्यक असे. ही अट २०११ च्या कायद्याने बदलली आणि तो बदल मार्च २०१३ पासून लागू झाला. म्हणजेच कोट्यवधी घरांतील अनुभव त्या वेळी पुरावा ठरला नाही. छापील पाने ठरली.

कडुनिंबाचा खटला वेगळ्या मार्गाने गेला. अमेरिकेचा कृषी विभाग आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना युरोपात कडुनिंबाच्या तेलाने बुरशी नियंत्रित करण्याच्या पद्धतीवर १९९४ मध्ये पेटंट मिळाले. १९९५ मध्ये डॉ. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी त्यास हरकत घेतली. युरोपीय कायद्यात तोंडी माहिती व प्रत्यक्ष वापर यांनाही पूर्वज्ञानाचे स्थान आहे. त्यामुळे पुण्यातील एका कंपनीचे व्यवस्थापक अभय फडके यांची साक्ष महत्त्वाची ठरली. १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतांवर झालेल्या चाचण्यांची माहिती त्यांनी दिली. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला.

महाराष्ट्रातील शेतांवर झालेले हे प्रयोग परीक्षकाच्या शोधात आलेले नव्हते. ते म्युनिकपर्यंत पोहोचले ते एका माणसाच्या साक्षीमुळे.

डिजिटल ग्रंथालय आणि त्याच्या मर्यादा

या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आदी पद्धतींच्या ग्रंथांतील ४ लाखांहून अधिक योग व प्रक्रिया इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी या ५ भाषांत मांडण्यात आल्या. युरोपीय पेटंट कार्यालयाला २००९ मध्ये करारान्वये त्यात प्रवेश देण्यात आला. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. परंतु त्याचा आधार मुख्यतः ग्रंथ आहेत. ज्या समाजाचे औषधज्ञान कोणत्याही ग्रंथात आलेले नाही, त्या समाजाला या ग्रंथालयाचे संरक्षण आपोआप लाभत नाही. माडिया समाज याच वर्गात मोडतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता : सामर्थ्य आणि मूल्यमापनातील दोष

जुन्या प्रणाली शब्दाला शब्द जुळवीत. ‘हळद’ शोधणाऱ्यास ‘हरिद्रा’ सापडत नसे. नव्या प्रणाली प्रचंड मजकुरावर प्रशिक्षित होतात, शब्दांना व परिच्छेदांना संख्यात्मक रूप देतात आणि अर्थाच्या जवळिकीवरून कागदपत्रे निवडतात. यंत्रानुवादाची जोड मिळाल्याने चिनी किंवा कोरियन पेटंटही परीक्षकाच्या आवाक्यात आली आहेत. अमेरिकी पेटंट कार्यालयाने २०२२ मध्ये आपल्या परीक्षकांना समान कागदपत्रे सुचविणारी अशी सुविधा दिली. १९९५ मध्ये ती उपलब्ध असती, तर १९५३ चा लेख कदाचित वेळेवर सापडला असता. मात्र मजकूर निर्माण करणाऱ्या प्रणाली कधीकधी अस्तित्वात नसलेले संदर्भही खरे भासवितात. म्हणून मूळ कागद पाहणे अनिवार्य आहे.

याहून गंभीर दोष मूल्यमापनाच्या रीतीतच आहे. प्रणाली किती कार्यक्षम आहे हे ठरविताना बहुधा परीक्षकांनी पूर्वी उद्धृत केलेले संदर्भ प्रमाण मानले जातात. प्रणालीने तेच संदर्भ शोधले तर तिला चांगले गुण मिळतात. परंतु परीक्षकांना जे कधीच सापडले नाही ते या प्रमाणात नसते. त्यामुळे ते न शोधल्याबद्दल प्रणालीचा एकही गुण कमी होत नाही. हळदीचे पेटंट देताना झालेली चूक अशा चाचणीत चूक म्हणून दिसणारच नाही. ही चाचणी म्हणजे जुन्या अज्ञानाच्या मापाने नव्या ज्ञानाचे मोजमाप होय.

सूरजागडची कसोटी

माडिया ही द्रविड भाषाकुलातील, गोंडीशी निकटचे नाते असलेली भाषा आहे. तिच्यातील लिखित मजकूर अत्यल्प असल्याने प्रशिक्षणासाठी लागणारी सामग्रीच उपलब्ध नाही. मोह, हिरडा किंवा बेहडा यांचा उपयोग एखाद्या पाड्यावर कसा होतो, असा प्रश्न प्रणालीला विचारल्यास ती काही सापडले नाही असे सांगेल किंवा अन्य प्रदेशाची माहिती पुढे करील. ‘सापडले नाही’ याचा अर्थ ‘अस्तित्वात नाही’ असा घेतला गेला की अन्यायाचा आरंभ होतो.

भारतीय कायद्याने हा धोका ओळखला आहे. २००२ च्या दुरुस्तीने पारंपरिक ज्ञानावर पेटंट देता येणार नाही, असे कलम ३ मध्ये नमूद झाले. स्थानिक किंवा आदिवासी समुदायात तोंडी अथवा अन्य रूपाने उपलब्ध असलेले ज्ञान हा कलम २५ अन्वये हरकतीचा आधार मानण्यात आला. कायदा तोंडी ज्ञान मानतो. प्रणाली मात्र ते पाहू शकत नाही. ही दरी भरून काढण्याचे एक साधन जैविक विविधता कायदा, २००२ व त्याखालील २००४ च्या नियमांनी दिले आहे. ते म्हणजे स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकांच्या सहभागाने तयार करावयाची लोक जैवविविधता नोंदवही.

तथापि, नोंद ही दुधारी असते. नोंदवही सर्वांना खुली केली तर ती पूर्वज्ञान म्हणून उपयोगी पडेल. पण तोच मजकूर वाचून एखादी कंपनी किंचित फेरफार करून नव्या पेटंटची मागणीही करू शकेल. गुप्त ठेवली तर परीक्षकाला ती दिसणार नाही. म्हणून काय उघड करावे आणि कोणाला दाखवावे याचा निर्णय ग्रामसभेच्या संमतीनेच व्हावयास हवा. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्या वनाविषयी सामूहिक निर्णय घेण्याची क्षमता गावांत आहे, हे त्या गावाने दाखवून दिले आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या छत्राखाली २४ मे २०२४ रोजी स्वीकारलेल्या करारानेही जनुकीय संसाधनांवर आधारित शोधांत मूळ देश अथवा स्रोत आणि ज्ञानधारक समुदाय उघड करण्याचे तत्त्व मान्य केले आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की पेटंट संशोधनासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर टाळण्याचे कारण नाही; मात्र तिच्या मूल्यमापनाचे निकष विस्तारले पाहिजेत. प्रथम, हळद व कडुनिंब यांसारख्या ज्या प्रकरणांत परीक्षकांचा शोध अपुरा ठरला, त्यांवर प्रणालीची चाचणी व्हावी. दुसरे, प्रणालीने कोणत्या भाषा व कोणते संग्रह पाहिले नाहीत हे प्रत्येक अहवालात नमूद व्हावे. तिसरे, वनस्पतीवर आधारित अर्जांत यंत्राच्या शोधाबरोबर स्थानिक समुदायाकडे विचारणा व्हावी. चौथे, लोकांच्या नोंदी त्यांच्या संमतीविना प्रशिक्षणासाठी वापरल्या जाऊ नयेत.

या कार्यात विदर्भातील महाविद्यालयांना महत्त्वाची भूमिका आहे. वनस्पतिशास्त्र, भाषा, इतिहास आणि संगणकशास्त्र हे विभाग एकाच आवारात असतात. त्यांनी एकत्र येऊन ग्रामसभांच्या विश्वासाने काम केले, तर सूरजागडच्या पाड्यांवरील वृद्धांच्या स्मरणातील ज्ञान त्यांच्याबरोबर लुप्त होणार नाही आणि परक्याच्या नावावरही चढणार नाही. जंगल विरळ होत असताना या कामाला विलंब परवडणारा नाही.