सिपनेकाठचा मुक्काम

परतवाड्याची बाजारपेठ मागे टाकून, घटांगची नागमोडी चढण ओलांडून, सागाच्या सावलीतून सुमारे ५० किलोमीटर आत आले की सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे लहानसे गाव लागते. येथील वनखात्याच्या पर्यटन संकुलात माघ महिन्याच्या अखेरीस आम्ही तीन पिढ्यांनी, म्हणजे आईने, आम्ही उभयतांनी आणि दोन मुलींनी, दोन रात्रींचा मुक्काम केला. ओसरीवर बसले की पाण्याचा खळखळाट कानी येई, आणि आई म्हणे की असा आवाज तिने माहेरच्या पूर्णेकाठी लहानपणी ऐकला होता. नदीच्या सान्निध्यात सहकुटुंब चार दिवस घालवण्याची हौस आता सार्वत्रिक झाली आहे, आणि समुद्रकाठच्या शहरांतून नदीमुखाशी उभी राहिलेली आलिशान हॉटेले ती हौस मोठ्या दिमाखाने पुरवतात. परंतु परक्या मुलखात, वाहत्या पाण्याच्या काठी, रात्रीचा निवारा मिळण्याचा हक्क कोणत्या काळी कोणाला होता आणि त्या निवाऱ्यासाठी कोणाचे हात राबत होते, हा प्रश्न सेमाडोहच्या त्या ओसरीवर माझ्या मनाला जो लागला तो अद्याप सुटलेला नाही.

या प्रश्नाचा माग काढण्यास सिपना स्वतःच वाट दाखवते. तिचे पाणी तापीला मिळते, तापी बुऱ्हाणपुराच्या तटाखालून वाहत सुरतेस जाते आणि तिथून खंबायतच्या आखातात विलीन होते. म्हणजे सेमाडोहच्या डोहात मुलींनी सोडलेले सागाचे पान, वाटेत कुठे अडकले नाही तर, एके काळी साऱ्या हिंदुस्थानात अग्रगण्य असलेल्या बंदराशी पोहोचावयाचे. त्या बंदरात, तापीपासून थोड्याच अंतरावर, शहाजहानच्या अमदानीत १६४४ साली बांधलेली मुघलसराई आजही उभी आहे. हजला निघालेले यात्रेकरू जहाजाची वाट पाहत तिथे उतरत. पुढे इंग्रजी अमलात त्याच वास्तूत तुरुंग होता, आणि आता सुरत महानगरपालिकेचे दप्तर तिथे आहे. एकाच वास्तूने यात्रेकरू, कैदी आणि कारकून अशा तिघांनाही आसरा द्यावा, यात त्या वास्तूच्या बांधणीचा मजबूतपणा जितका दिसतो तितकाच राज्यकर्त्यांच्या गरजा कशा पालटत गेल्या हेही दिसते.

सराई ही संस्था थोर होती, तथापि तिथला मुक्काम सुखाचा असेच असे नाही. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा १६१५ सालच्या नोव्हेंबरात सुरतेहून अजमेरकडे जाताना बुऱ्हाणपुरास थांबला, आणि तिथे आपल्याला दिलेल्या कोठड्या भट्टीसारख्या लहान, वर घुमटाकार आणि विटांच्या होत्या, अशी तक्रार त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली. तरीही सराईचे तत्त्व मला आदरणीय वाटते. वाटसरू थकलेला आहे एवढे तिथे प्रवेशास पुरे होई, आणि तो कोणत्या कामाने निघाला आहे याचा दाखला त्याच्याकडे मागितला जात नसे. आपल्याकडील धर्मशाळांच्या मुळाशीही हाच भाव होता, आणि दाराशी आलेल्याला निदान पाणी विचारावे हा वऱ्हाडातील रिवाज त्याच कुळातला.

सेमाडोह ज्या मेळघाटात आहे तिथे निवाऱ्याची जी प्रथा रुजली ती मात्र निराळ्या कुळाची. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने इथला गाविलगड किल्ला घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभारात सोपवले. १८६४ साली डिट्रिख ब्रँडिस याच्या देखरेखीखाली जंगल खाते स्थापन झाले आणि लगोलग १८६५ चा व पुढे १८७८ चा जंगल कायदा आला. या घडामोडींची परिणती अशी झाली की, जो साग इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत ‘सिपना’ म्हणून ओळखला जाई आणि ज्याच्या नावाने ही नदीही ओळखली जाते, तो साग सरकारी मालमत्ता ठरला. रेल्वे नुकतीच देशभर पसरू लागली होती, तिला लाकूड हवे होते, आणि लाकूड मोजावयाचे, त्यावर शिक्के मारावयाचे, कूप आखावयाचे, जाळरेषा साफ करवून घ्यावयाच्या, तर साहेबाने जंगलात फिरणे ओघानेच आले. पहिल्यांदा तो तंबू घेऊन फिरे. तंबूंच्या मागोमाग विश्रामगृहे आली.

ही विश्रामगृहे पाहिली की त्यांच्या रचनेमागचा हिशेब ध्यानी येतो. घोड्यावरून किंवा पायी एका दिवसात उरकेल एवढ्या मजलेवर एकेक घर, बहुधा पाण्याजवळ पण पुराच्या रेषेहून उंचावर; जाड भिंती, उंच जोते, वर कवेलू, पुढे रुंद व्हरांडा, आणि धूर साहेबाच्या नाकाशी येऊ नये म्हणून मागे अंतरावर बावर्चीखाना. सेमाडोहहून पुढे कोलकासचे विश्रामगृह सिपनेच्या एका वळणावर असे काही बसवले आहे की खालचे पाणी, पलीकडचा उतार आणि पाण्यावर येणारे जनावर एका नजरेत यावे. जागा निवडणाऱ्याला सौंदर्यदृष्टी होती हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु तिथे उतरावयाचे तर हुकूम किंवा परवानगी हवी, कामावरच्या अंमलदाराला अग्रहक्क, आणि चौकीदाराच्या रजिस्टरात नाव, हुद्दा आणि प्रयोजन यांची नोंद अनिवार्य. सराईने थकव्याला दिलेला हक्क इथे हुद्द्याकडे गेला.

त्या व्हरांड्याच्या पायरीखाली जो उभा होता त्याच्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. मध्य प्रांत व वऱ्हाडातील जंगल खात्याला मजूर हाताशी हवे होते, म्हणून राखीव जंगलाच्या पोटात वनग्रामे वसवण्यात आली. तिथल्या कुटुंबांना कसावयास जमीन मिळे, पण ती मालकीची नव्हे, परवानगीची. आणि त्या परवानगीच्या बदल्यात खात्याच्या कामावर हजर होणे हे बंधन असे. वणवा विझवावयाचा, कूप तोडावयाचा, रस्ता नीट करावयाचा, आणि साहेब दौऱ्यावर आला की त्याचे सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी पोहोचवावयाचे. ‘कोरकू’ या शब्दाचा त्यांच्या भाषेतील अर्थ केवळ ‘माणसे’ असा आहे. ती भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या नव्हे तर मुंडारी कुळातली, छोटा नागपुराकडील बोलींची सख्खी बहीण. वाघाला ते ‘कुलामामा’ म्हणतात. ज्यांनी वाघाशी मामाचे नाते जोडले त्यांना स्वतःच्या गावात जमिनीचे नाते मात्र कागदावर सिद्ध करता येऊ नये, याहून मोठा अन्याय मला या खोऱ्याच्या इतिहासात दिसत नाही. वनहक्कांचा कायदा होण्यास २००६ साल उजाडावे लागले, आणि वनग्रामांना महसुली गावांचा दर्जा देण्याची तरतूद त्यात आली.

स्वातंत्र्यानंतर साहेबाची जागा आपल्या अंमलदारांनी घेतली. विश्रामगृहांची रीत फारशी बदलली नाही. खरा पालट झाला तो १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाल्यावर. देशातील पहिल्या नऊ व्याघ्रक्षेत्रांत मेळघाटची गणना झाली, जंगलाची किंमत लाकडाच्या घनफुटांऐवजी वाघांच्या पाऊलखुणांनी होऊ लागली, आणि जंगल पाहावयास येणारा सामान्य माणूस हा खात्याच्या हिशेबात प्रथमच पाहुणा म्हणून आला. सेमाडोहच्या कुटी, निसर्ग माहिती केंद्र आणि एकत्र निजण्याची मोठी दालने ही त्या पालटाची फळे होत. कुठल्याही हुद्द्याविना, केवळ भाडे भरून, माझ्या वृद्ध आईला सिपनेच्या काठी पाठ टेकता आली, ही गोष्ट मी लहान मानीत नाही. पण त्याच पालटाच्या ओघात कोहा, कुंड आणि बोरी ही गावे या शतकाच्या आरंभी जंगलातून उठवून बाहेर वसवली गेली, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे. आमच्यासाठी जंगलाचे दार उघडत असता त्यांच्यासाठी ते मिटत होते.

दुसऱ्या रात्री जेवणे आटोपल्यावर, कुटीची व्यवस्था पाहणारे कोरकू गृहस्थ ओसरीच्या कडेला येऊन टेकले. आईने त्यांना ‘बसा, दादा’ म्हणून सतरंजीवर बोलावले, तेव्हा ते थोडे संकोचून बसले आणि मग मुलींना ‘सिपना’ या शब्दाचा अर्थ सांगू लागले. बोलता बोलता त्यांनी सांगितले की त्यांचे आजोबा साहेबांच्या पेट्या कोलकासपर्यंत वाहून नेत, आणि पेटी उतरवली की व्हरांड्यावर न चढता खालीच बसून राहत. धाकटीने विचारले, ‘मग ते झोपायचे कुठे?’ ते म्हणाले, ‘नदीवर. वाळूत. थंडी असली तर शेकोटी.’

सकाळी निघताना त्यांनी रजिस्टर पुढे केले. येण्याच्या दिवशी गडबडीत राहिलेले रकाने भरावयाचे होते. त्यांनी आमची ओळखपत्रे एकेक करून पाहिली, आईचे नाव मोठ्याने वाचले, तारीख तपासली आणि सही करावयाची जागा बोटाने दाखवली. आम्ही सह्या केल्या. किल्ली त्यांनी खिळ्याला अडकवली आणि नदीकडच्या बाजूचे दार मिटून घेतले.