साचा आणि नमुना

पिंपरीच्या माळावर मोटारी बनविणाऱ्या टेल्को कंपनीने 1966 साली आपला पुण्याचा कारखाना वसविला, तेव्हा आरंभ मोटारींनी झाला नाही. ज्या साच्यांतून मोटारीचे पत्रे घडावयाचे ते साचे आणि त्यांची यंत्रहत्यारे परकीय चलनाच्या टंचाईमुळे सहजी आयात करता येण्याजोगी नव्हती, म्हणून प्रथम हत्यारे घडविण्याची तजवीज झाली, आणि येथून पहिली मालमोटार बाहेर पडण्यास सत्तरीच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या टूलरूममध्ये दोन रिवाज नांदत आले: नमुन्याचा जॉब समोर ठेवून त्याबरहुकूम दुसरा उतरविणे, अथवा जॉब पकडून धरणारे फिक्स्चर तयार करून त्यात शेकडो जॉब बसविणे.

याच पट्ट्याच्या कडेला, तळवडे आणि हिंजवडी येथे, आज्ञावली लिहिणाऱ्या पिढीपुढे या दोन रिवाजांतील निवडीचा हाच प्रश्न निराळ्या वेषात आला. नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी मे 1995 मध्ये अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला मसुदा सिद्ध केला, त्यात क्लास, म्हणजे वस्तू घडविण्याचा साचा, नव्हताच. 'सेल्फ' या भाषेच्या धर्तीवर एक वस्तू थेट दुसऱ्या वस्तूकडून गुण घेई. जावा शिकून आलेल्या अभियंत्यांना हा नमुन्याचा रिवाज परका वाटला, आणि त्यांची अडचण ओळखून फ्रेमवर्कांनी, म्हणजे भाषेवर रचलेल्या तयार आज्ञावली-संचांनी, आपापली फिक्स्चरे पुढे केली: 2005 साली आलेल्या 'प्रोटोटाइप'ने क्लास.क्रिएट दिले, नंतर 'मूटूल्स'ने स्वतःचा क्लास. मूळ क्लासमधील पद्धतीला हाक देण्याची सोय भाषेत नसल्याने 'प्रोटोटाइप' पुढे फंक्शनच्या पहिल्या पॅरामीटरचे नाव '$सुपर' आहे काय हे तपासू लागले, तर जॉन रेसिग या जावास्क्रिप्ट-कारागिराची 2008 सालची युक्ती फंक्शनचा मजकूरच वाचून त्यात तसा शब्द शोधी. ही कारागिरी मला अत्यंत आदरणीय वाटते. तथापि एका फ्रेमवर्कचा क्लास दुसऱ्याच्या फिक्स्चरमध्ये बसत नसे, आणि ज्याने साधे फंक्शन लिहून, भाषेतच त्याला जोडलेल्या प्रोटोटाइप-वस्तूवर पद्धती ठेवून तेच काम एकदा स्वहस्ते केले होते, त्यालाच फ्रेमवर्क पालटल्यावर नव्याने शिकाऊ उमेदवारी करावी लागत नसे.

क्लास भाषेतच आणण्याची, जावास्क्रिप्टच्या प्रमाणकाच्या चौथ्या आवृत्तीची खटपट 2008 मध्ये बारगळली. अखेर जून 2015 मध्ये मंजूर झालेल्या सहाव्या आवृत्तीने त्यास सनद दिली, आणि 'रिअ‍ॅक्ट' या लायब्ररीने आपले क्लास घडविणारे क्रिएटक्लास 2017 साली निवृत्तीस काढले. भाषेच्या सनदी क्लासचा प्रकार 'टाइपऑफ'ने विचारला, तर उत्तर आजही 'फंक्शन' असेच येते.