नामदेवांची गाथा आणि न दिसणारी चूक

कयाधू नदीच्या कांठचें नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास पूज्य आहे. परंपरेनुसार त्यांचा जन्म इ. स. १२७० चा. त्यांची वाणी कीर्तनांतून मुखोमुखीं पसरली आणि पिढ्यान्‌पिढ्या नकलकारांच्या बाडांत उतरत गेली.

नकलेंतील उघड चूक फारशी घातक नसते. अक्षर गळलें कीं वाचकाची जीभ अडखळते आणि दोष सांपडतो. घातक असते ती न दिसणारी चूक. जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहीत. ते कोठें तोडावयाचे, हें वाचणारानेंच ठरवावें लागे. 'धन' याच्या जागीं 'घन' पडलें, तरी तोही शब्द अर्थपूर्णच. मग शंका कोण घेणार?

याहून मोठा घोटाळा नाममुद्रेनें केला. सोळाव्या शतकांत विष्णुदास नामा हा दुसरा कवि झाला. त्यानें महाभारताची कथा मराठींत आणली. दोघांच्याही मुद्रेंत 'नामा'! त्यामुळें दोघांच्या रचना एकमेकींत मिसळल्या. त्या निवडतांना भाषेचीं रूपें आणि नामदेवांनंतरच्या काळाचे उल्लेख यांचाच आधार घ्यावा लागतो. गुरु अर्जुनदेवांनीं १६०४ मध्यें सिद्ध केलेल्या शीख धर्मग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें सुरक्षित राहिलीं खरीं. पण त्यांची भाषा निराळी असल्यानें मराठी अभंगांचा निवाडा त्यांवरून होत नाहीं.

आतां अभंग संगणकावर आले, तरी हा रोग सुटलेला नाहीं. 'दुसऱ्या' या शब्दांतील अर्धा 'ऱ' निरनिराळ्या संकेतक्रमांनीं उमटवितां येतो. एका क्रमांत तर डोळ्यांस न दिसणारें जोडचिन्हही असतें. वाचकास शब्द एकच, यंत्रास मात्र भिन्न. म्हणून शोध घेतां असलेला अभंगही 'नाहीं' ठरूं शकतो. अशा वेळीं अक्षराचा आकार न पाहतां त्यामागील संकेत तपासावे लागतात.

उपाय मात्र जुनाच आहे. शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तींत कोणी पदरची ओवी घालूं नये, अशी ताकीदही दिली. अनेक प्रती ताडून पाहाव्या, मूळ प्रत जशीच्या तशी राखावी आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवावी. कारण आपल्या आवडीप्रमाणें सुधारणारा शोधक हाच पुढच्या न दिसणाऱ्या चुकीचा जनक होतो. आणि मग नरसीच्या नामदेवांच्या नांवावर लोक भलत्याचेच शब्द भक्तीनें गातात.