मसूर ते महाड : एका तहानेची दोन उत्तरे

थोरांच्या चरित्रात बालपणाचे प्रकरण बहुधा शेवट ठाऊक असल्यानेच लिहिले जाते. बालपणी तहान, पुढे चवदार तळे, अशी डॉ. आंबेडकरांच्या आयुष्याची सरळ रेघ आपण वर्गात ओढतो. पण ती तहान लाखो मुलांनी सोसली होती. मग ह्याच मुलाच्या बाबतीत तिचे काय झाले?

'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आत्मकथनपर टिपणात बाबासाहेबांनी १९०१ मधील प्रवास सांगितला आहे. वडील गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. अंगावर नवे कपडे, पायांत नवे बूट. न्यायला मात्र कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने जात विचारताच छोट्या भीमरावाने सहजपणे खरे सांगितले आणि मास्तरचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची ह्या अटीवर. जवळ शिदोरी होती, पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर गाडीवानाच्या सल्ल्याने त्याने उर्दूत 'आम्ही मुसलमान' असे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही.

आपण तहानेपाशी थांबतो. मला ही दोन उत्तरे महत्त्वाची वाटतात. अस्पृश्यता त्याला शाळेतल्या वेगळ्या गोणपाटापासून ठाऊक होती. पण तोवर तो तिला जगाची रीत समजत होता. सुभेदाराच्या घरातली शिस्त, शिक्षण आणि स्वाभिमान घेऊन निघालेल्या मुलाला त्या एका दिवसात कळले की खरे बोलून पाणी मिळत नाही आणि ओळख लपवूनही मिळत नाही. अपमानाचा प्रश्न झाला तो इथे. घरचा स्वाभिमान नसता, तर त्या अपमानाची कदाचित सवय झाली असती.

२० मार्च १९२७ रोजी महाडला त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा ओळख लपवली नव्हती आणि याचनाही केली नव्हती. तळे खुले करणारा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता. त्यांनी हक्क बजावला.

अर्थात हे टिपण महाडनंतरचे आहे; त्या आठवणीवर महाडचा प्रकाश पडलेला असणारच. म्हणून बालपणाने नेता घडवला असे म्हणण्यापेक्षा, नेत्याने आपले बालपण पुन्हा वाचले आणि त्यातले खासगी दुःख सार्वजनिक पुरावा म्हणून मांडले, असे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते. विद्यार्थ्यांना हे चरित्र शिकवताना ही सरळ रेघ थोडी पुसायला हवी.